हिंगोलीच्या पलटणीचा वंश

हिंगोली शहरात पत्ता सांगताना आजही पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावे सहज तोंडी येतात. ही सगळी नावे एका छावणीची आहेत. १ मे १९९९ रोजी हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला, पण त्याआधीची पिढ्यान्‌पिढ्यांची हिंगोली परभणी जिल्ह्याचीच होती. त्यामुळे परभणीच्या स्मरणिकेत पायदळाच्या एखाद्या रेजिमेंटचा इतिहास लिहायचा झाला तर तो हिंगोलीतून सुरू करणे भाग आहे. या छावणीत राहून गेलेल्या पायदळाचे वंशज आज कुमाऊं रेजिमेंट या नावाने ओळखले जातात. त्यांचे केंद्र उत्तराखंडात राणीखेतला आहे आणि भारताचे पहिले परमवीरचक्र त्यांच्याच एका तरुण अधिकाऱ्याला मिळाले. हे नाते आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही, म्हणून ते इथे सविस्तर मांडतो आहे.

वंशाची सर्वांत जुनी शाखा वऱ्हाडातली. १७८८ साली एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, निजामाच्या पदरी असलेल्या नवाब सलाबत खानाने फौज उभी केली. ती एलिचपूर ब्रिगेड म्हणून ओळखली जाई. दुसरी शाखा हैदराबादची. तिथला इंग्रज रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१३ मध्ये दोन पलटणी उभ्या केल्या आणि त्यांना त्याचेच नाव पडले. अशा वेगवेगळ्या तुकड्या जमवून निजामाची कंटिन्जंट तयार झाली. तैनाती फौज आणि कंटिन्जंट यांची आपल्याकडे नेहमी गल्लत होते. तैनाती फौज कंपनी सरकारची होती. कंटिन्जंट नावाने निजामाची होती आणि तिचा पगार निजामाच्या खजिन्यातून निघे, पण तिचे अधिकारी इंग्रज असत आणि हुकूम रेसिडेंटचा चाले. एलिचपूर, अमरावती, औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई, हिंगोली आणि हैदराबादजवळचे बोलारम या तिच्या छावण्या. पलटणी आणि रिसाले या छावण्यांमधून आळीपाळीने फिरत. वऱ्हाडच्या सीमेला लागून असल्यामुळे हिंगोलीला विशेष महत्त्व होते. पायदळ, घोडदळ आणि तोफखाना असे तिन्ही इथे असत.

या फौजेचा खर्च निजामाला झेपला नाही. पगार थकत गेले, सावकारांची कर्जे वाढत गेली. शेवटी २१ मे १८५३ च्या तहाने कंटिन्जंटच्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिवचा मुलूख आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या हवाली करावे लागले. धाराशिव आणि रायचूर १८६० मध्ये परत मिळाले, वऱ्हाड मिळाले नाही. १९०२ मध्ये ते सालाना २५ लाख रुपयांवर इंग्रजांना कायमच्या भाडेपट्ट्याने देण्यात आले. म्हणजे या पलटणींच्या पगारासाठी मराठी बोलणारा, कापूस पिकवणारा एक अख्खा प्रांत गहाण पडला. वऱ्हाड आणि मराठवाडा यांच्यामध्ये जी राजकीय भिंत पुढे शंभर वर्षे उभी राहिली तिच्या पायात हाच हिशेब आहे.

रेजिमेंटचे इतिहास लिहिताना विजयांची यादी करण्याचा मोह होतो. या रेजिमेंटच्या बाबतीत तसे करता येणार नाही आणि करूही नये. कंटिन्जंटच्या पलटणींचा सुरुवातीचा एक युद्धसन्मान नोव्हा या नावाचा आहे. हे ठिकाण नांदेडच्या उत्तरेला, हदगावच्या बाजूला. तिथल्या गढीत हटकरांचे पुढारी नोवसाजी नाईक यांची माणसे आणि अरब शिबंदी होती. जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमनने गढीला वेढा घातला, तोफांनी तट फोडला आणि आतली बहुतेक शिबंदी कापली गेली. पेशवाई बुडून वर्षही झाले नव्हते. आज मराठवाड्यात नोवसाजी नाईकांचे नाव इंग्रजांविरुद्धच्या पहिल्या लढवय्यांमध्ये घेतले जाते. पलटणीच्या निशाणावर सन्मान म्हणून जे नाव चढले ते आपल्याच माणसांच्या पराभवाचे होते.

सत्तावन्नमध्येही तेच. जून १८५७ मध्ये औरंगाबादच्या छावणीत कंटिन्जंटच्या पहिल्या रिसाल्यात असंतोष उसळला. जनरल वुडबर्नची फौज चालून आली आणि बंड करणाऱ्या स्वारांना देहान्ताच्या शिक्षा झाल्या. औरंगाबादच्या क्रांती चौकातला काला चबुतरा त्या शिक्षांशी जोडला जातो. बाकीची कंटिन्जंट मात्र सर ह्यू रोजबरोबर मध्य भारतात गेली आणि १८५८ मध्ये झाशी, बेटवा, कूंच, काल्पी या लढायांत राणी लक्ष्मीबाई आणि तात्या टोपे यांच्याविरुद्ध लढली. मला हे लिहिताना वाईट वाटते आणि ते लपवण्याचे कारण दिसत नाही. भाकरीसाठी फौजेत शिरलेल्या शिपायांनी शौर्य दाखवले यात शंका नाही. ते कोणाच्या बाजूने दाखवायचे हे ठरवण्याचा हक्क त्यांना नव्हता.

याच काळात हिंगोलीच्या परिसराशी एका पायदळी अधिकाऱ्याचे नाव जोडले गेले. हर्बर्ट मॅकवर्थ क्लॉगस्टन हा १८२० मध्ये त्रिनिदादला जन्मलेला इंग्रज. मूळचा १९ व्या मद्रास नेटिव्ह इन्फंट्रीचा, हुद्दा कॅप्टन. तो कंटिन्जंटच्या दुसऱ्या रिसाल्यात नेमणुकीवर होता. १८५९ च्या जानेवारीत रोहिल्यांच्या टोळ्या या भागात लूट करत फिरत होत्या आणि कंटिन्जंट त्यांच्या मागावर होती. रिसोडजवळच्या चिचांबा गावापाशी गाठ पडली. १५ जानेवारी रोजी क्लॉगस्टन आपल्या रिसाल्याचे फक्त आठ स्वार घेऊन शत्रूवर तुटून पडला. त्याने रोहिल्यांना पुन्हा गावात ढकलले आणि शेवटी त्यांना लूट टाकून द्यावी लागली. तो स्वतः गंभीर जखमी झाला. आठांपैकी सात स्वार गमावले. या कामगिरीबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तीन वर्षांनी, ६ मे १८६२ रोजी, तो हिंगोलीलाच लढताना मारला गेला.

त्याच्या धाडसाला मी कमी लेखत नाही. आठ घोड्यांनिशी तसल्या जमावावर जाणे हे कोणत्याही काळात, कोणत्याही सैन्यात शौर्यच. पण सन्मानपत्रात त्या आठ स्वारांपैकी एकाचेही नाव नाही, आणि त्यांना तो क्रॉस मिळणेही शक्य नव्हते. व्हिक्टोरिया क्रॉस हिंदी शिपायांसाठी खुला झाला तो १९११ मध्ये. तोवर त्यांच्यासाठी वेगळा, इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान होता. हिंदी स्वार कितीही शूर असला तरी रिसालदाराच्या पुढे त्याची वाट बंद होती आणि काल आलेला गोरा लेफ्टनंट त्याचा वरिष्ठ असे. या रेजिमेंटचा पुढचा दीडशे वर्षांचा प्रवास मला त्या सात स्वारांच्या बाजूने पाहावासा वाटतो.

१९०३ मध्ये लॉर्ड किचनेरने सैन्याची पुनर्रचना केली. कंटिन्जंट मोडली, तिची पथके सरळ हिंदी सैन्यात सामील झाली आणि हिंगोलीची छावणी उठली. रिसाल्यांचा वारसा पुढे डेक्कन हॉर्सकडे गेला. पायदळाच्या सहा पलटणींना ९४ ते ९९ असे क्रमांक मिळाले. त्यांतल्या एका पलटणीच्या नावात बेरार होते, दोघींच्या नावात रसेल, आणखी दोघींच्या नावात डेक्कन. एलिचपूर ब्रिगेडची शाखा ९८ वी झाली. पहिल्या महायुद्धात तिला पूर्व आफ्रिकेत टांगा इथे उतरवण्यात आले. १९१४ च्या नोव्हेंबरमधली ती मोहीम इंग्रजांच्या दृष्टीने पूर्ण फसली. गोळीबाराने बिथरलेल्या मधमाश्यांची मोहळे या पलटणीवर तुटून पडली, असे त्या लढाईचे सगळेच इतिहास सांगतात. १९२२ मध्ये या पलटणी १९ वी हैदराबाद रेजिमेंट म्हणून एकत्र आल्या आणि ९८ वी तिची चौथी बटालियन झाली. राणीखेतला आधीच उभी राहिलेली कुमाऊं रायफल्स पुढच्या वर्षी त्यांना येऊन मिळाली. राजपूत, जाट, अहीर आणि दख्खनी मुसलमान यांच्या जोडीला कुमाऊंचे डोंगरी जवान आले आणि हळूहळू रेजिमेंटचे मन उत्तरेकडे झुकले.

हुद्द्यांची भिंतही याच वर्षांत खिळखिळी झाली. सँडहर्स्टमधून किंग्ज कमिशन घेऊन येणारे पहिले हिंदी अधिकारी या रेजिमेंटमध्ये आले. त्यांत कोल्हापुरात जन्मलेले सत्यवंत मल्लण्णा श्रीनागेश होते आणि कूर्गचे के. एस. थिमय्या होते. दोघेही पुढे भारताचे लष्करप्रमुख झाले. रेजिमेंटने देशाला दिलेले तिसरे लष्करप्रमुख टी. एन. रैना. ज्या फौजेत एकेकाळी हिंदी माणूस रिसालदारापाशी थांबत होता त्याच फौजेच्या वंशातून तीन सेनापती निघाले.

चौथ्या बटालियनच्या नशिबात दुसऱ्या महायुद्धात मोठे दुःख आले. तिला मलायात पाठवले होते. ७ जानेवारी १९४२ रोजी पहाटे स्लिम नदीच्या रस्त्यावर जपानी रणगाडे तिच्या फळ्या फोडून पार गेले आणि बटालियन जवळजवळ संपली. या मोहिमेत कॅप्टन कृष्णदत्त वासुदेव मारले गेले. त्यांचा भाचा तेव्हा लष्करात अधिकारी होण्याच्या उंबरठ्यावर होता. मामाच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच, २२ फेब्रुवारी १९४२ रोजी, त्याने त्याच रेजिमेंटच्या आठव्या बटालियनमध्ये कमिशन घेतले. वय १९. नाव सोमनाथ शर्मा, घर कांगड्याचे, वडील लष्करात डॉक्टर.

शर्मा ज्या आठव्या बटालियनमध्ये गेले तिने अराकानच्या जंगलात नाव कमावले. जानेवारी १९४५ मधली कंगावची लढाई मराठी वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही बटालियनचे प्रमुख तिथे हिंदी होते. ८/१९ हैदराबादचे थिमय्या, १६/१० बलुचचे एल. पी. सेन आणि २/२ पंजाबचे आपले कोल्हापूरकडचे, वडगावचे शंकरराव थोरात. तिघांनाही डीएसओ हा सन्मान मिळाला. हिंदी अधिकारी बटालियन लढवू शकेल का, असा प्रश्न तोवर ब्रिटिश मेसमध्ये उघड विचारला जाई. कंगावनंतर तो विचारण्याची सोय राहिली नाही. शर्मा हे याच वातावरणात घडले. अराकानमधल्या कामगिरीबद्दल त्यांचे नाव लष्करी खलित्यात आले.

२७ ऑक्टोबर १९४५ रोजी हैदराबाद हे नाव गेले आणि कुमाऊं आले. बरोबर दोन वर्षांनी, २७ ऑक्टोबर १९४७ रोजी, भारतीय पायदळाची पहिली तुकडी श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरली. तो दिवस आता पायदळ दिन म्हणून पाळला जातो. पाकिस्तानकडून काश्मिरात घुसलेल्या टोळीवाल्यांच्या हातात बारामुल्ला पडले होते. श्रीनगर वाचवण्याचा सगळा आधार ती एक धावपट्टी होती, कारण शिपाई, दारूगोळा, तांदूळ, पेट्रोल सगळे डाकोटा विमानांतून येत होते. धावपट्टी गेली असती तर पुढची लढाई लढायला माणसेच आली नसती.

मेजर शर्मा तेव्हा ४ कुमाऊंच्या डी कंपनीचे प्रमुख होते. हॉकी खेळताना डावा हात मोडून प्लास्टरमध्ये होता आणि डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. कंपनी ३१ ऑक्टोबरला काश्मीरला निघाली तेव्हा त्यांनी वरिष्ठांकडे हट्ट धरून परवानगी मिळवली आणि प्लास्टरसह विमानात बसले. श्रीनगरला १६१ व्या ब्रिगेडचे प्रमुख होते एल. पी. सेन, कंगावचेच.

३ नोव्हेंबरला शर्मांच्या हाताखाली तीन कंपन्यांची गस्त बडगामला गेली. हे गाव धावपट्टीपासून अवघ्या काही किलोमीटरवर. सकाळपासून दुपारपर्यंत काही घडले नाही. दोन कंपन्यांना परत फिरण्याचे हुकूम मिळाले आणि डी कंपनीला दुपारी ३ पर्यंत थांबायला सांगितले गेले. अडीचच्या सुमारास गावातल्या घरांतून गोळ्या सुटल्या. घरांत आपलीच, काश्मिरी माणसे असतील तर, या विचाराने कंपनीचे हात बांधले गेले. तेवढ्यात गुलमर्गच्या बाजूने सातशेच्या आसपास टोळीवाले तीन बाजूंनी चढून आले. एका जवानामागे सात शत्रू असा तो हिशेब.

पुढचा काही तासांचा प्रसंग या रेजिमेंटच्या इतिहासाचा गाभा आहे. शर्मा उघड्या शेतांतून एका सेक्शनकडून दुसऱ्याकडे धावत होते. विमानांना शत्रूची जागा कळावी म्हणून त्यांनी गोळीबारात जमिनीवर निशाणपट्ट्या अंथरल्या. माणसे पडू लागली तशी लाइट मशीनगन चालवणाऱ्यांजवळ मॅगझिन भरून द्यायलाही कोणी उरेना. मग कंपनीचा प्रमुख स्वतः, एका हाताने, मॅगझिन भरून गनवाल्यांच्या हातात देत राहिला. ब्रिगेडला पाठवलेल्या शेवटच्या निरोपात त्यांनी शत्रू पन्नास यार्डांवर आल्याचे कळवले. आपण संख्येने फार थोडे आहोत, पण एक इंचही मागे हटणार नाही, शेवटचा माणूस आणि शेवटची गोळी असेपर्यंत लढू, असे त्यांनी सांगितले. थोड्याच वेळात शेजारच्या दारूगोळ्यावर मॉर्टरचा गोळा येऊन पडला.

प्रमुख गेल्यावरही कंपनी जागा सोडून पळाली नाही. ती लढतच राहिली. शर्मांशिवाय एक जेसीओ आणि २० जवान मारले गेले, आणखी बरेच जखमी झाले. टोळीवाल्यांचेही मोठे नुकसान झाले आणि धावपट्टीकडचा त्यांचा वेग तिथे तुटला. त्या दिरंगाईत श्रीनगरला आणखी विमाने उतरली, आणखी माणसे आली, आणि ७ नोव्हेंबरला शालटेंगच्या लढाईत टोळीवाल्यांचा कणा मोडला. त्या लढाईत कुमाऊंची पहिली बटालियन, म्हणजे १८१३ च्या रसेल पलटणीची वारस, होती. शर्मांचा देह सापडला तो पिस्तुलाच्या चामडी पट्ट्यावरून आणि खिशातल्या भगवद्गीतेच्या काही पानांवरून ओळखावा लागला. वय २४.

त्या दिवसांत इकडे परभणी, हिंगोलीची माणसे निजामाच्या राज्यातच होती. रझाकारांची दहशत वाढत होती आणि निजामाने भारताशी जैसे थे करार केला तोही याच नोव्हेंबरच्या २९ तारखेला. मराठवाड्याला तिरंगा फडकवता येण्यासाठी १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. निजामाच्या खजिन्यातून जन्मलेली पलटण भारतासाठी काश्मिरात लढत होती आणि ती जिथे वाढली तो मुलूख अजून भारतात आला नव्हता. ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

परमवीरचक्राची स्थापना २६ जानेवारी १९५० रोजी झाली आणि ते १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या कामगिरीला लागू केले गेले. पहिले मेजर सोमनाथ शर्मांना, मरणोत्तर. पदकाची घडण सावित्रीबाई खानोलकरांची. मूळच्या स्वित्झर्लंडच्या सावित्रीबाई विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इकडच्या झाल्या. संस्कृत आणि पुराणांचा त्यांचा अभ्यास होता, त्यातून पदकावर इंद्राचे वज्र आले. त्यांची मुलगी सोमनाथ शर्मांच्या धाकट्या भावाला दिलेली होती. पण माझ्या दृष्टीने या पदकाची सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्याच्या नियमांत आहे. ते पहिल्या दिवसापासून सर्व हुद्द्यांना खुले आहे. शिपाई, नाईक, सुभेदार, मेजर सगळ्यांना एकच पदक. चिचांब्याच्या स्वारांना जे नाकारले गेले होते ते इथे नियमातच लिहिले गेले.

१९६२ च्या १८ नोव्हेंबरला लडाखमध्ये रेझांग ला इथे १३ कुमाऊंच्या चार्ली कंपनीने मेजर शैतानसिंग यांच्या नेतृत्वाखाली जे केले ते बहुतेकांना ठाऊक आहे. १२० च्या आसपास जवान, शंभराहून अधिक हुतात्मे. ते जवान अहीर होते आणि या रेजिमेंटमध्ये अहीरांची परंपरा हैदराबादच्या काळापासूनची आहे, एवढेच इथे जोडतो.

त्यापेक्षा कमी माहीत असलेली गोष्ट १९८४ ची, आणि ती पुन्हा ४ कुमाऊंचीच. सियाचिनच्या पश्चिमेला साल्टोरो रांगेत बिलाफोंड ला ही खिंड आहे, उंची सुमारे १८ हजार फूट. पाकिस्तान तिथे पोहोचण्याआधी ती ताब्यात घ्यायची होती. या मेघदूत मोहिमेसाठी १३ एप्रिलचा, बैसाखीचा दिवस ठरला. चीता हेलिकॉप्टरने पहाटे ज्या तुकडीला बर्फावर उतरवायला सुरुवात झाली तिचे प्रमुख होते ४ कुमाऊंचे कॅप्टन संजय कुलकर्णी. हेलिकॉप्टर टेकू शकत नव्हते. बर्फ किती भुसभुशीत आहे हे कोणालाच कळत नव्हते, म्हणून माणसांनी वरूनच उडी मारायची. दुपारपर्यंत एकेक फेरी करत सगळी तुकडी खाली आली, एकूण तिशीच्या आतबाहेर जवान.

उतरल्यानंतर काही तासांतच तुकडीचा वायरलेस ऑपरेटर विरळ हवेने फुफ्फुसात पाणी होऊन कोसळला आणि त्याला परत न्यावे लागले. त्यानंतर वादळ सुटले. तुकडीचा खालच्या तळाशी संपर्क राहिला नाही. उणे तीस अंशांच्या आसपास थंडी, पुरेसे कपडे नाहीत, तंबू बर्फाखाली गाडले जाऊ नयेत म्हणून रात्रभर फावडी चालवायची. शत्रूची गोळी अजून सुटलीही नव्हती. त्या खिंडीवर एक जवान गेला आणि एकवीस जणांना हिमदंश झाला. खिंड मात्र सुटली नाही. हवा उघडली आणि पाकिस्तानी हेलिकॉप्टर टेहळणीला आले तेव्हा वर भारतीय जवान उभे होते. त्याच मोहिमेत १९ कुमाऊंने भर हिवाळ्यात झोजी ला पायी ओलांडून हिमनदीचा पायथा गाठला होता.

रणांगणावरच्या शौर्याचे आपल्या मनातले चित्र बडगामसारखे असते, समोर शत्रू आणि हातात शस्त्र. बिलाफोंड लावर तरुण कॅप्टनपुढे तसे काही नव्हते. गारठलेल्या जवानांना झोपू न देणे, त्यांच्या बोटांकडे आणि श्वासाकडे लक्ष ठेवणे आणि मदत येईल याची कोणतीही खात्री नसताना ती येणारच आहे असे वागणे, हेच त्याचे युद्ध होते. मला ते बडगामच्याच तोलाचे वाटते. एका हाताने मॅगझिन भरणारा मेजर आणि फावडे घेऊन तंबू उकरणारा कॅप्टन, दोघेही आपल्या जवानांचेच काम हातात घेत होते. क्लॉगस्टन आपल्या आठ स्वारांच्या पुढे दौडत होता हेही खरे, पण त्यांचे आणि त्याचे रस्ते वेगळे होते. शर्मा आणि कुलकर्णी यांच्या आणि त्यांच्या जवानांच्या मध्ये ती दरी उरली नव्हती.

संजय कुलकर्णी पुढे लेफ्टनंट जनरल झाले आणि भारतीय सेनेच्या पायदळाचे महासंचालक म्हणून त्यांनी काम पाहिले. ज्या खिंडीवर त्यांची तुकडी उतरली तिथे १३ एप्रिल १९८४ पासून भारतीय जवान उभे आहेत.